पहिलं पिस्तूल कोणत्या गटात?

स्पर्धेच्या प्रवेशअर्जात ‘गट’ नावाचा एक रकाना असतो. नवखा खेळाडू शेजाऱ्याच्या अर्जात डोकावतो, तिथे खूण करतो आणि मोकळा होतो. पण हे गट कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने पाडलेले असतात. पिस्तूल नेमबाजीत त्या कारणांचा माग काढला, तर पैसा, कायदा आणि माणसाची पत या तिन्ही गोष्टी हाताला लागतात. म्हणून नेमबाजी सुरू करताना कोणता गट घ्यावा, हा प्रश्न मला खेळाइतकाच इतिहासाचाही वाटतो.

हा प्रश्न आमच्या देवपुरात पोचला तो २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर. मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात एकटीने एक आणि सरबज्योत सिंगसोबत मिश्र प्रकारात दुसरं, अशी दोन कांस्यपदकं घेतली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये तिसरं आणलं. त्याचे वडील शिक्षक आहेत हे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस तोच विषय होता. मग वर्गातली पोरं विचारू लागली. नववीतल्या एकाने मधल्या सुट्टीत मला सांगितलं, की त्याने मोबाईलवर वेगळीच नेमबाजी पाहिली. माणूस पळतो, पळता पळता पिस्तूल झाडतो, लोखंडी पाट्या धडाधड पडतात. ‘‘सर, त्यात ओपन, स्टँडर्ड, प्रॉडक्शन असं काहीतरी असतं. सुरुवात करणाऱ्याने कोणतं घ्यायचं?’’

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या घरात बंदूक कधी नव्हती, आजही नाही. पण मुलाने नीट प्रश्न विचारला तर त्याचं नीट उत्तर शोधणं हे शिक्षकाचं काम आहे. शोधत गेलो तेव्हा जे सापडलं ते इथे मांडतो आहे, कारण हाच प्रश्न आता इतर गावांतल्या पालकांकडूनही येतो.

त्या मुलाने पाहिलेल्या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जेफ कूपर नावाच्या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याने कॅलिफोर्नियात पिस्तुलाच्या मोकळ्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. कागदी लक्ष्यासमोर एका जागी उभं राहून सावकाश झाडलेल्या गोळीवरून पिस्तूल चालवणाऱ्याची खरी परीक्षा होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १९७५ मध्ये झ्युरिचला या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि रे चॅपमन जिंकला. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या कोलंबिया या गावी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कूपर तिचा पहिला अध्यक्ष. संघटनेने तीन लॅटिन शब्द बोधवाक्य म्हणून घेतले. त्यांचा अर्थ अचूकता, ताकद आणि वेग.

या तीन शब्दांतच पुढच्या सगळ्या भांडणाचं बी होतं. या खेळात मिळालेले गुण लागलेल्या सेकंदांनी भागतात. एकाने २० सेकंदांत १०० गुण केले तर त्याचा भागाकार ५. दुसऱ्याने १५ सेकंदांतच ९० केले तर त्याचा ६. दुसरा जिंकला. अचूकता आणि वेग असे एकत्र मोजले जातात. ताकद मोजण्यासाठी गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार करतात. तो ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर काडतूस ‘मेजर’, खाली राहिला तर ‘मायनर’. लक्ष्याच्या मधल्या भागात लागलेल्या गोळीला दोघांनाही ५ गुण. त्याच्या बाहेरच्या भागात मेजरवाल्याला ४ आणि मायनरवाल्याला ३, आणि सगळ्यांत बाहेर २ आणि १. जड काडतुसाचा झटका हाताला जास्त बसतो, म्हणून त्याला नेम थोडा चुकला तरी सवलत. हिशेब सरळ होता.

पण जिथे हिशेब असतो तिथे हिशेबातून वाट काढणारेही असतात. १९८० च्या दशकात रॉब लेथम, ब्रायन एनोस यांच्यासारख्या नेमबाजांनी पिस्तुलाच्या तोंडाशी कंपेन्सेटर बसवले. गोळीमागचा वायू वरच्या भोकांतून बाहेर पडतो आणि नळी उचलली जात नाही. म्हणजे मेजरचे गुण घ्यायचे आणि मेजरचा झटका मात्र टाळायचा. मग आल्या नळीवर बसवायच्या इलेक्ट्रॉनिक साईट, ज्यात लाल ठिपका लक्ष्यावर ठेवला की पुरे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला डग कोनिगने अशी साईट लावून जागतिक विजेतेपद घेतलं. त्यानंतर साध्या पिस्तुलाने वर येणं अवघड झालं. दुकानातून घेतलेलं पिस्तूल कमरेला लावून आलेला माणूस कारागिराकडून खास बनवून घेतलेल्या यंत्राशी लढत होता. हुनर एकीकडे, खिसा दुसरीकडे.

गट पडले ते यामुळे. ज्याला सगळी जोडकामं करायची आहेत त्याच्यासाठी ओपन. ज्याला मेजर काडतूस हवं, पण कंपेन्सेटर आणि इलेक्ट्रॉनिक साईट नको, त्याच्यासाठी स्टँडर्ड. स्टँडर्डचं पिस्तूल मॅगझिनसकट २२५ गुणिले १५० गुणिले ४५ मिलिमीटरच्या डब्यात बसलंच पाहिजे. पंच खरोखरच डबा घेऊन उभे असतात. प्रॉडक्शनमध्ये कारखान्यातून निघालेली, संघटनेच्या यादीत असलेली पिस्तुलं चालतात आणि सगळ्यांचे गुण मायनरनेच मोजतात. त्यामुळे तिथे जड काडतूस आणून काही फायदा नाही. सहा गोळ्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरलाही स्वतंत्र गट मिळाला, आणि १९११ च्या जुन्या अमेरिकन लष्करी पिस्तुलाच्या धाटणीला क्लासिक नावाचा. अलीकडे प्रॉडक्शनच्या पिस्तुलावर इलेक्ट्रॉनिक साईट चालणारा गटही आला.

एवढं समजलं की त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळतं. ज्या देशांत हा खेळ चालतो तिथे नवख्याला बहुतेक जाणते सांगतात, की प्रॉडक्शनपासून सुरुवात कर. काडतूस स्वस्तातलं, पिस्तूल साधं, एक होल्स्टर आणि चार-पाच मॅगझिनं झाली की मैदानात उतरता येतं. नेम चुकला तर दोष द्यायला यंत्र उरत नाही. रिव्हॉल्व्हर दिसायला देखणं, पण दर सहा-आठ गोळ्यांनी ते भरत बसावं लागतं. नवख्याचा सगळा वेळ भरण्यातच जातो. ओपनचं पिस्तूल वेगवान खरं, पण ते बिघडतं, त्याला सतत कारागीर लागतो आणि पैसा तर लागतोच. आणि एका गटात कमावलेलं दुसऱ्यात वाया जात नाही. फ्रान्सच्या एरिक ग्रॉफेलने १९९९ मध्ये फिलिपाईन्समधल्या सेबूला ओपनचं जागतिक विजेतेपद घेतलं, पुढे ते राखलं. मग २०१४ ला तो स्टँडर्डमध्ये जिंकला आणि २०१७ ला प्रॉडक्शनमध्ये. पिस्तूल बदललं, माणूस तोच राहिला.

गट पाडण्यामागचा हा विचार मला आवडतो. बरोबरीच्याला बरोबरीच्याशी मोजायचं, म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे त्याला मैदानाबाहेर जावं लागत नाही. आपल्या शाळांतही आपण हेच करायला हवं, पण तो वेगळा विषय.

आता दुसरं उत्तर. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. प्रॅक्टिकल शूटिंगच्या नियमांत सगळ्यांत लहान चालणारं काडतूस ९ मिलिमीटरचं आहे. आणि भारतात ९ मिलिमीटर हा ‘प्रतिबंधित बोअर’ आहे. तो लष्कराच्या आणि पोलिसांच्या हाती असतो, सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. म्हणजे मोबाईलवर दिसणाऱ्या त्या खेळाचं दार इथल्या मुलापुढे पहिल्याच पायरीला बंद होतं. तो गट निवडण्याआधी कायद्याने त्याचा गट निवडलेला असतो.

हे असं का, याचा धागा इंग्रजी राजवटीपर्यंत जातो, आणि खानदेशला तो परका नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने इथे भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्याशी सरकार लढत होतं त्यांच्याच हातात सरकारने बंदुका दिल्या, कारण ते सरकारला सोयीचं होतं. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक उलटला आणि तेच हत्यारधारी हात सरकारला धोक्याचे वाटू लागले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा, युरोपियनाला मात्र त्यातून सूट. हत्यार कुणाच्या हातात शोभतं हे माणसाच्या जातकुळीवरून ठरवण्याची ही सरकारी रीत होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला तेव्हा ही वंशाची सूट गेली. पण परवाना राहिला आणि लष्करी जातीचं काडतूस नागरिकाला नको ही विचारसरणीही राहिली. मला व्यक्तिशः रस्तोरस्ती ९ मिलिमीटरची पिस्तुलं नको आहेत. पण खेळाचा नकाशा कायद्याने आखला आहे, हे मात्र समजून घ्यायला हवं.

या नकाशात आपल्याकडे काय उरलं? १९५१ मध्ये भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती, मराठी घरात जन्मलेले, गुजरातेत वाढलेले आणि गांधीजींच्या चळवळीत तुरुंग पाहिलेले. अहिंसेच्या मुशीतून आलेल्या माणसाने नेमबाजीची संघटना उभी करावी, यात मला विसंगती दिसत नाही. नेमबाजी हा मुळात स्वतःला आवरण्याचा खेळ आहे. श्वास आवरायचा, हात आवरायचा, घाई आवरायची. आजही नवख्या नेमबाजाला राष्ट्रीय स्पर्धेच्या दाराशी नेणारी अखिल भारतीय स्पर्धा मावळंकरांच्याच नावाने होते.

पिस्तुलात आपल्याकडे पुढचे प्रकार रूढ झाले. १० मीटर एअर पिस्तूल, ज्यात हवेच्या दाबाने ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. २५ मीटरवरचं .२२ चं स्पोर्ट्स पिस्तूल. पुरुषांचं २५ मीटर रॅपिड फायर. २५ मीटरचं स्टँडर्ड पिस्तूल. ५० मीटरचं फ्री पिस्तूल. आणि २५ मीटरचं सेंटर फायर. .२२ च्या काडतुसात टोला बुडाच्या कडेला बसतो, सेंटर फायरमध्ये तो मध्यभागी बसतो. काडतूस मोठं, आपल्याकडे बहुधा .३२ चं. प्रॅक्टिकलच्या पिस्तुलाला जवळचं म्हणावं असं नागरिकाच्या हाती असलेलं पिस्तूल हेच.

सेंटर फायरचा इतिहास नवख्याने जरूर वाचावा. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत भारताने १३ सुवर्णपदकं घेतली. त्यातली १२ वेटलिफ्टिंगची. उरलेलं एक महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांचं, सेंटर फायर पिस्तुलातलं. १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने याच प्रकारात सुवर्ण घेतलं. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदकं मिळवली आणि सेंटर फायरमध्ये ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. एवढा मोठा नेमबाज, पण त्याचा हातखंडा असलेला प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हताच. २०१० च्या दिल्लीनंतर तो राष्ट्रकुलमधूनही गेला आणि पुढे २०२२ च्या बर्मिंगहॅमला तर सगळी नेमबाजीच वगळली गेली.

५० मीटर पिस्तुलाचं याहून वाईट झालं. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासूनचा हा प्रकार. गोरखा रेजिमेंटच्या जीतू रायने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताचं पहिलं सुवर्ण त्यातच मिळवलं. तीन वर्षांत निर्णय आला, की टोकियोपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नसेल. स्त्री-पुरुषांना समान संधी हवी म्हणून त्याच्या जागी १० मीटर एअर पिस्तुलाची मिश्र दुहेरी आली. कारण योग्यच होतं. याच मिश्र प्रकारात मनू आणि सरबज्योतला पॅरिसचं कांस्य मिळालं. ज्याने आयुष्याची दहा वर्षं ५० मीटरला वाहिली त्याचं काय, हा प्रश्न तरीही उरतो. दूर कुठल्यातरी शहरात बैठक होते आणि तुमचा गट यादीतून पुसला जातो. नवख्याला हे आधी ठाऊक असावं.

पॅरिसमध्ये पिस्तुलाचे जे प्रकार होते ते मोजके. दोघांसाठी १० मीटर एअर पिस्तूल, त्याची मिश्र दुहेरी, स्त्रियांसाठी २५ मीटर पिस्तूल, पुरुषांसाठी २५ मीटर रॅपिड फायर. नोकरी, शिष्यवृत्ती, क्रीडा कोटा यांचा ओघही मुख्यतः याच प्रकारांकडे असतो.

आता तिसरी गोष्ट. ती नियमांच्या पुस्तकात नाही, पण आपल्या घरांत आहे.

एका पालकांशी या विषयावर बोललो. मुलाला खेळात घालायला त्यांची ना नव्हती. क्रिकेट चालेल, कुस्ती चालेल. पिस्तूल म्हटल्यावर ते गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘सर, दुसरों के बच्चे के हाथ में पिस्तौल हो तो मेडल बोलते. हमारे बच्चे के हाथ में हो तो पूछताछ.’’

मला त्यांना हसण्यावारी नेता आलं नाही. २०१३ च्या जानेवारीत आमच्या धुळ्यात दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचे जीव गेले. सहाही मुसलमान होते. ज्या शहराने हे पाहिलं तिथल्या बापाला ‘पिस्तूल’ हा शब्द खेळाचा वाटायला वेळ लागणारच. मिंबरवरून आपण ऐकतो, की रसूलुल्लाहंनी तिरंदाजी शिकण्याला उत्तेजन दिलं. ऐकतो, सुब्हानल्लाह म्हणतो आणि मुलाला घरी घेऊन येतो. भीतीचं उत्तर भाषणाने देता येत नाही. उदाहरणाने थोडंफार देता येतं.

म्हणून मी त्यांना अनिसा सय्यदबद्दल सांगितलं. पुण्याच्या खडकीत वाढलेली मुलगी. तिने स्पोर्ट्स पिस्तूल घेतलं, म्हणजे २५ मीटर, .२२ चं. रेल्वेत नोकरी केली, नोकरी सांभाळून सराव केला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने एकटीने सुवर्ण घेतलं आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतसोबत जोडीचंही सुवर्ण घेतलं. एकेरीत राहीला रौप्य होतं. चार वर्षांनी ग्लासगोला उलट झालं, राहीला सुवर्ण आणि अनिसाला रौप्य. त्याच वर्षी इंचॉनला दोघींनी हीना सिद्धूसोबत सांघिक कांस्य आणलं. पुढे अनिसा हरयाणा पोलिसांत गेली. महाराष्ट्राच्या दोन मुली, एक सय्यद आणि एक सरनोबत, एकाच रेषेवर उभ्या राहून एकमेकींना हरवत होत्या आणि एकमेकींसोबत जिंकत होत्या. लक्ष्याला आडनाव वाचता येत नाही. शॉटगनमध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या मैराज अहमद खानचं नावही सांगितलं. स्कीट प्रकारात ऑलिंपिकला पोचलेला तो पहिला भारतीय.

ते पालक म्हणाले, ‘‘अनिसा कोणत्या गटातून सुरू झाली असती आज?’’ तेव्हा मला बरं वाटलं. त्यांच्या मनातल्या भीतीची जागा प्रश्नाने घेतली होती.

तर आता थेट उत्तर. धुळे, जळगाव, मालेगाव, नंदुरबार या भागात राहणाऱ्या आणि घरची परिस्थिती मध्यम असलेल्या मुला-मुलीने १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. कारणं देतो.

पहिलं कारण कायद्याचं. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या, मर्यादित ताकदीच्या एअर पिस्तुलाला आज शस्त्र परवाना लागत नाही. बंदुकीच्या परवान्याला २१ वर्षं पूर्ण हवीत, अर्जांच्या फेऱ्या आल्या, पोलीस पडताळणी आली. एअर पिस्तुलात या कशाचीच वाट पाहावी लागत नाही. ज्या घराला पडताळणीच्या नुसत्या नावाने धडकी भरते, त्या घरासाठी हे कारण सगळ्यांत मोठं आहे.

दुसरं कारण सरावाचं. १० मीटरची जागा शाळेच्या सभागृहातही मिळू शकते. छर्रे स्वस्त असतात, काडतुसं नसतात. स्पर्धेचं आयात पिस्तूल मात्र लाखाच्या वर जातं. म्हणून पहिल्या वर्षी ते विकत घेऊ नका, क्लबचं वापरा. प्रॉडक्शन गटाने जगाला जे शिकवलं तेच इथे लागू आहे. जे हाताशी आहे त्याने सुरू करा.

तिसरं कारण शिकण्याचं. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे हाताच्या बोटाच्या नखाएवढं. दहा मीटरवरून, एका हाताने, आधाराशिवाय ते गाठायचं. ७५ मिनिटांत ६० छर्रे. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. इथे बसलेला हात पुढे कुठेही चालतो. २५ मीटरला ट्रिगर एक किलोचा होतो. वेगाच्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद वळून जातं आणि त्या तीन सेकंदांत हात वर करून एक गोळी सोडायची असते. ज्याचा श्वास आणि बोट दहा मीटरवर एकमेकांशी बोलायला शिकलेत त्यालाच हे जमतं. मनू दोन्ही प्रकार खेळते. पॅरिसमध्ये २५ मीटरलाही ती चौथी आली. आणि तिला शिकवणारा जसपाल राणा, तोच सेंटर फायरचा विजेता. ज्याच्या गटाला ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती, त्याचं इल्म शागिर्दाच्या हातून तिथे पोचलं.

वर्ष-दीड वर्षाने गट बदलण्याचा विचार करा. ज्याला घाईत हात स्थिर राहतो असं दिसेल त्याने २५ मीटरकडे जावं. राहीने तेच आपलं केलं. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात ती पिस्तुलातलं सुवर्ण घेणारी पहिली भारतीय ठरली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ अशी बरोबरी झाल्यावर दोन वेळा जादा फेरी खेळून तिने सुवर्ण जिंकलं. ज्याला शांततेत रमायला आवडतं त्याने १० मीटरवरच राहावं. स्वप्नील कुसाळेनेही राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आधी एक वर्ष सर्वसाधारण तयारी केली आणि मग नेमबाजी निवडली. निवडीला थोडा वेळ देणं हा आळस नव्हे.

वाट अशी आहे. जिल्ह्याचा क्लब, मग महाराष्ट्रातली कॅप्टन इझिकेल यांच्या नावाची स्पर्धा, मग मावळंकर, मग राष्ट्रीय. अर्जात काही प्रकारांपुढे ‘एनआर’ आणि काहींपुढे ‘आयएसएसएफ’ लिहिलेलं दिसेल. पहिला देशांतर्गत नियमांचा, दुसरा आंतरराष्ट्रीय. नवख्याने पहिल्यावर खूण करायला लाजू नये, तो त्याच्यासाठीच ठेवला आहे. मोठी रेंज पुण्याला बालेवाडीत आहे, पण नाशिक आपल्याला जवळ. भीष्मराज बाम हे पोलीस अधिकारी आणि खेळाडूंच्या मनाचे जाणकार नाशिकचेच. त्यांनी कित्येक नेमबाजांना मन आवरायला शिकवलं. उत्तर महाराष्ट्रातही हा खेळ रुजतो, याला एवढा पुरावा पुरे.

शेवटी पालकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एअर पिस्तुलाला परवाना लागत नसला तरी ते लांबून खऱ्या पिस्तुलासारखंच दिसतं. म्हणून ते कायम कुलूपबंद पेटीत न्यावं. रस्त्यात, एसटीत, लग्नाच्या मांडवात ते कुणाला काढून दाखवू नये, त्याच्यासोबत मोबाईलवर फोटो काढून पाठवू नये. आणि पेटीत पिस्तुलाची पावती, क्लबचं पत्र, नेमबाजाचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं प्रवेशपत्र यांच्या प्रती ठेवाव्यात. हे नियम सगळ्यांच्याच मुलांसाठी आहेत. आपल्या मुलांनी ते जरा जास्त पाळावेत असं मी म्हणालो, तर त्यामागचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. ते कारण एक दिवस उरणार नाही अशी दुआ करू या, आणि तोवर पेटीतले कागद पूर्ण ठेवू या.